विश्लेषण : मृत्यूनंतर ७७ वर्षांनी अव्वल! जॉश गिब्सनचा विक्रम बेसबॉलच्या नोंदवहीत आला कुठून?

अमेरिकेतील मेजर लीग बेसबॉलच्या विक्रमांची यादी मे २०२४ च्या अखेरीस एका दिवसात बदलली. त्या दिवशी मैदानावर विशेष काहीच घडले नव्हते. तरीही कारकीर्दीतील सर्वोत्तम फलंदाजी सरासरीच्या यादीत अनेक दशके पहिल्या क्रमांकावर असलेला टाय कॉब दुसऱ्या क्रमांकावर गेला आणि त्याच्या जागी जॉश गिब्सन हे नाव आले. गिब्सन मेजर लीगचा एकही सामना खेळला नव्हता. त्याचा मृत्यू १९४७ मध्येच झाला होता. मग हा विक्रम आला कुठून? तो कुणी शोधला? आणि तो इतकी वर्षे होता कुठे?

नेमके काय बदलले?

आधी आकडे. बेसबॉलमधली फलंदाजी सरासरी क्रिकेटसारखी नसते. क्रिकेटमध्ये एकूण धावांना बाद झालेल्या डावांनी भागतात. बेसबॉलमध्ये यशस्वी फटक्यांना, म्हणजे ‘हिट’ना, फलंदाजीच्या अधिकृत संधींनी भागतात. दहा संधींत तीन हिट मिळवणारा खेळाडू उत्तम समजला जातो. कॉबची सरासरी ०.३६७ होती, म्हणजे हजार संधींत ३६७ हिट. गिब्सनची ०.३७२ आहे.

एवढेच नाही. फटक्यांची ताकद मोजणाऱ्या ‘स्लगिंग’ या आकड्यात बेब रूथ ०.६९० वर होता, गिब्सन ०.७१८ वर आहे. एका हंगामातील सर्वोत्तम सरासरीचा विक्रमही आता गिब्सनचा आहे : १९४३ मधील ०.४६६. याआधी तो ह्यू डफीच्या नावावर होता, १८९४ मधील ०.४४०. क्रिकेटच्या भाषेत सांगायचे तर ब्रॅडमनच्या वर कुणीतरी निघावा आणि त्याचे नाव बहुतेकांनी ऐकलेलेच नसावे, असा हा प्रकार.

कारण एकाच ओळीत सांगता येते. १९२० ते १९४८ या काळातील कृष्णवर्णीयांच्या व्यावसायिक लीग, ज्यांना ‘निग्रो लीग’ म्हटले जाई, त्यांना मेजर लीगचा दर्जा देण्याचा निर्णय डिसेंबर २०२० मध्ये झाला आणि त्यातील २३०० हून अधिक खेळाडूंची आकडेवारी मे २०२४ मध्ये अधिकृत नोंदींत आली. त्या आकडेवारीमागचा माणूस मात्र एका ओळीत मावणारा नाही.

कोण होता जॉश गिब्सन?

जन्म २१ डिसेंबर १९११, जॉर्जिया राज्यातील ब्यूना व्हिस्टा. वडील मार्क शेती सोडून पिट्सबर्गच्या पोलाद कारखान्यात कामाला गेले आणि मागोमाग कुटुंबही गेले. दक्षिणेतील शेतांतून उत्तरेच्या कारखान्यांकडे लाखो कृष्णवर्णीय कुटुंबांनी त्या काळात जे स्थलांतर केले, त्यातलेच हे एक. मुलाने विजेच्या कामाचे शिक्षण घेतले, पण नववीनंतर शाळा सोडली. वेस्टिंगहाउस एअर ब्रेक कंपनीत तो शिकाऊ कामगार झाला, नंतर गिम्बेल्स या डिपार्टमेंट स्टोअरमध्ये लिफ्ट चालवू लागला. त्याच दुकानाच्या संघातून तो बेसबॉल खेळायचा.

जागा त्याने कॅचरची निवडली. कॅचर म्हणजे साधारण यष्टिरक्षक, पण काम अधिक कष्टाचे. दर चेंडूला उकिडवे बसायचे, उठायचे, फेकायचे, पुन्हा बसायचे. गुडघे लवकर जातात. त्यामुळे कॅचरकडून मोठ्या फलंदाजीची अपेक्षा कुणी फारशी करत नाही. गिब्सनचे आकडे वाचताना ही गोष्ट लक्षात ठेवायला हवी.

१९३० च्या जुलैमध्ये, वयाच्या १८ व्या वर्षी, तो होमस्टेड ग्रेज या मोठ्या संघात आला. संघाच्या कॅचरच्या बोटाला चालू सामन्यात दुखापत झाली आणि प्रेक्षकांत बसलेल्या गिब्सनला थेट मैदानात बोलावले गेले, अशी कथा सांगतात. अशा कथा त्याच्याबद्दल भरपूर आहेत. त्यांचे काय करायचे, हा प्रश्न पुढे येणारच आहे.

त्याच उन्हाळ्यातली दुसरी घटना मात्र कथा नाही. ऑगस्ट १९३० मध्ये त्याची पत्नी हेलन जुळ्यांना जन्म देताना दगावली. मुले वाचली. मुलाचे नाव जॉश ठेवले, मुलीचे हेलन. बाप अजून १९ वर्षांचाही झाला नव्हता आणि त्याचा संघ गावोगाव फिरत होता. मुलांना सांभाळले हेलनच्या माहेरच्यांनी. गिब्सन पुढे जवळपास आयुष्यभर प्रवासातच राहिला : उन्हाळ्यात अमेरिका, हिवाळ्यात कॅरिबियन बेटे. थांबायचे टाळणारा माणूस, असे त्याच्याबद्दल वाटत राहते.

मेजर लीगमध्ये का नव्हता?

नियम कुठेच लिहिलेला नव्हता. १८८४ मध्ये मोझेस फ्लीटवूड वॉकर हा कृष्णवर्णीय कॅचर टोलेडो संघाकडून वरच्या स्तरावर खेळला होता. त्यानंतर संघमालकांनी आपापसात ठरवून दार बंद केले आणि ते सहा दशके बंद राहिले. १९२० ते १९४४ अशी २४ वर्षे आयुक्त असलेल्या केनेसॉ माउंटन लँडिस यांच्या कारकीर्दीत एकही कृष्णवर्णीय खेळाडू मेजर लीगमध्ये आला नाही.

म्हणून कृष्णवर्णीयांनी आपली व्यवस्था उभी केली. रूब फॉस्टर यांनी १९२० मध्ये कॅन्सस सिटीत पहिली टिकाऊ लीग स्थापन केली. पुढे पिट्सबर्गमध्ये क्रॉफर्ड्स हा संघ बांधणारे गस ग्रीनली आकड्यांच्या बेकायदा जुगारातून, म्हणजे आपल्याकडच्या मटक्यासारख्या धंद्यातून, श्रीमंत झाले होते. त्यांनी संघासाठी स्वतःचे मैदान बांधले. बँका कर्ज देत नव्हत्या, तिथे पैसा असाच येणार. १९३२ पासून गिब्सन या संघात होता. सॅचेल पेज, ऑस्कर चार्ल्स्टन, कूल पापा बेल आणि ज्युडी जॉन्सन हे त्याचे सहकारी. हे पाचही जण आज हॉल ऑफ फेममध्ये आहेत.

गिब्सन कसा खेळतो हे गोऱ्या संघांना ठाऊक नव्हते, असे मुळीच नाही. १९३७ च्या अखेरीस पिट्सबर्ग पायरेट्सचे व्यवस्थापक पाय ट्रेनर यांना ‘पिट्सबर्ग कूरियर’ या कृष्णवर्णीयांच्या साप्ताहिकाच्या पत्रकाराने तार केली. त्यात गिब्सनसह पाच जणांची नावे होती आणि हे खेळाडू वाजवी मोबदल्यात उपलब्ध असल्याचे कळवले होते. उत्तर आले नाही. १९४० च्या दशकात ग्रेज संघ वॉशिंग्टनचे ग्रिफिथ स्टेडियम भाड्याने घेऊन खेळू लागला. मैदानाचे मालक क्लार्क ग्रिफिथ यांचा स्वतःचा मेजर लीग संघ होता आणि तो बहुधा तळाकडेच असायचा. ग्रिफिथ यांनी गिब्सन आणि बक लेनर्ड यांना बोलावून मेजर लीगबद्दल विचारणाही केली. पुढे काही झाले नाही. भाडे मात्र मिळत राहिले.

परदेशात काय केले?

मार्च १९३७ मध्ये पैशांच्या तंगीत सापडलेल्या ग्रीनली यांनी गिब्सनला ज्युडी जॉन्सनसह पुन्हा ग्रेजकडे दिले. मोबदला दोन खेळाडू आणि अडीच हजार डॉलर. त्याच वर्षी तो पेज आणि बेल यांच्यासोबत डॉमिनिकन रिपब्लिकमध्ये हुकूमशहा ट्रुहियो याच्या नावाच्या संघातून खेळून आला. १९४० मध्ये व्हेनेझुएला, मग मेक्सिको. १९४१ मध्ये व्हेराक्रूझकडून ९४ सामन्यांत ३३ होमरन. त्यावर ग्रेजचे मालक कम पोझी यांनी करारभंगाचा दावा ठोकून दहा हजार डॉलर आणि गिब्सनचे पिट्सबर्गमधील घर मागितले. तो परत यायला तयार झाला, तेव्हा दावा मागे घेतला गेला. मेक्सिकोत त्याला चांगले पैसे मिळत होते आणि हॉटेलच्या पुढच्या दाराने आत जाता येत होते. आपल्या देशात यातले दुसरे नव्हते.

होमरन ८०० की २०० हून कमी?

इथून संशोधनाची खरी गोष्ट सुरू होते.

हॉल ऑफ फेममधील गिब्सनच्या फलकावर लीग आणि बाहेरचे सामने मिळून जवळजवळ ८०० होमरनचा उल्लेख आहे. आजच्या अधिकृत नोंदीत ते २०० पेक्षाही कमी आहेत. मग फलक खोटा का? तसे नाही. निग्रो लीगचे संघ हंगामात लीगचे साधारण ६० ते ८० सामने खेळत. तेवढ्या उत्पन्नावर संघ चालत नसे. म्हणून मधल्या दिवसांत बस काढून ते गावोगावच्या हौशी आणि निमव्यावसायिक संघांशी खेळत, कधी एका दिवसात दोन-तीन सामने. तिथले होमरन खरेच होते, पण समोर कोण होते आणि नोंद कुणी ठेवली, हे सिद्ध करता येत नाही. मेक्सिको, क्युबा, प्युर्टो रिको इथले आकडेही मेजर लीगच्या हिशेबात धरले जात नाहीत.

लीगच्या सामन्यांचे कागदही सहज मिळणारे नव्हते. लीगकडे आकडेवारी ठेवायला पैसे नव्हते. गोऱ्यांची दैनिके या सामन्यांना दोन ओळी देत किंवा तेवढेही नाही. आधार होता तो ‘पिट्सबर्ग कूरियर’, ‘शिकागो डिफेंडर’, ‘बाल्टिमोर आफ्रो-अमेरिकन’ अशा साप्ताहिकांचा. त्यात छापलेला ‘बॉक्स स्कोअर’, म्हणजे सामन्याचा छोटा तक्ता, हाच पुरावा. साप्ताहिक म्हटल्यावर आठवड्यातल्या सगळ्या सामन्यांना जागा मिळणे कठीण. काही वेळा संघांनी तक्ता पाठवलेलाच नसे.

१९७० मध्ये रॉबर्ट पीटरसन यांचे ‘ओन्ली द बॉल वॉज व्हाइट’ हे पुस्तक आले आणि विसरल्या गेलेल्या या लीगकडे लोक पुन्हा पाहू लागले. त्यानंतर जॉन होलवे, लॅरी लेस्टर, गॅरी ॲशविल अशा संशोधकांनी वर्षानुवर्षे ग्रंथालयांत मायक्रोफिल्म फिरवत एकेक तक्ता टिपून काढला. बराचसा काळ यात पगार नव्हता. एका सामन्याचे दोन वृत्तपत्रांतले तक्ते जुळत नाहीत, नावांचे स्पेलिंग वेगवेगळे, टोपणनावानेच छापलेले खेळाडू, एका संघाचे हिट दुसऱ्या संघाच्या पिचरच्या खात्याशी न जुळणारे. डेटा साफ करण्याचे काम कधी केलेल्यांना हा त्रास समजेल. २०११ मध्ये सीमहेड्स या संकेतस्थळावर हा साठा सर्वांसाठी खुला झाला. पुढे मेजर लीगने इतिहासकार जॉन थॉर्न यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली आणि तिने अधिकृत आकडेवारी ठरवताना हाच साठा पाया म्हणून वापरला. १९२० ते १९४८ मधल्या सुमारे ७२ टक्के नोंदी हाती असल्याचा समितीचा अंदाज होता. बाकीचा शोध सुरूच आहे, त्यामुळे गिब्सनचे आकडे पुढेही थोडे हलतील.

यात एक गंमत आहे. संशोधनाने गिब्सनच्या दंतकथा एकामागून एक छाटल्या आणि त्याच संशोधनाने त्याला पहिल्या क्रमांकावर बसवले. उदाहरणार्थ, त्याने न्यूयॉर्कच्या यांकी स्टेडियममधून चेंडू पार बाहेर टोलवला, ही सर्वांत प्रसिद्ध कथा. १९३० मध्ये तिथे त्याने फार लांब चेंडू मारला, एवढे खरे. स्टेडियमबाहेर गेल्याची त्या दिवसांतली बातमी सापडत नाही.

दुसरी कथा १९४२ च्या निग्रो वर्ल्ड सिरीजची. आता कॅन्सस सिटी मोनार्क्सकडे असलेल्या पेजने पिट्सबर्गमध्ये आधीच्या फलंदाजांना मुद्दाम फुकट बेस देऊन बेस भरवले, गिब्सनला समोर घेतले आणि तीन चेंडूंत बाद केले. पेज स्वतः ही गोष्ट आयुष्यभर रंगवून सांगत असे. बेस भरलेले असताना पेजने गिब्सनला बाद केले, हे वृत्तपत्रांत आहे. मुद्दाम दिलेल्या बेसचा उल्लेख मात्र त्या बातम्यांत मिळत नाही. दोन जुने मित्र, भरलेले मैदान, बेस भरलेले आणि तीन चेंडू. तेवढेही पुरेसे होते.

१९४३ चा हंगाम कसा होता?

जानेवारी १९४३ मध्ये, वयाच्या ३१ व्या वर्षी, गिब्सन बेशुद्ध पडला. रुग्णालयात मेंदूत गाठ असल्याचे सांगण्यात आले. शस्त्रक्रियेला त्याने नकार दिला. त्यानंतर त्याला डोकेदुखीचे झटके येत, दारू वाढली, वागणे बिघडले. वॉशिंग्टनच्या सेंट एलिझाबेथ्स या मनोरुग्णालयातही त्याला ठेवावे लागले.

आणि ०.४६६ चा हंगाम हाच. त्या वर्षी आणि पुढच्या वर्षीही ग्रेजने निग्रो वर्ल्ड सिरीज जिंकली. आज बेसबॉलच्या नोंदवहीत एका हंगामातील सर्वोत्तम सरासरी म्हणून जो आकडा आहे, तो मेंदूतल्या आजाराशी झगडणाऱ्या, गुडघे गेलेल्या कॅचरचा आहे. ०.४६६ हा आकडा नुसता वाचला तर यातले काही दिसत नाही.

ऑक्टोबर १९४५ मध्ये ब्रुकलिन डॉजर्सने जॅकी रॉबिन्सनशी करार केल्याची घोषणा झाली. दार उघडले, पण रॉबिन्सन २६ वर्षांचा होता आणि गिब्सन ३४ कडे झुकलेला. १९४६ मध्येही तो ग्रेजकडून खेळला. २० जानेवारी १९४७ रोजी पिट्सबर्गमध्ये पक्षाघाताने त्याचा मृत्यू झाला. वय ३५. रॉबिन्सन १५ एप्रिल १९४७ रोजी मेजर लीगमध्ये उतरला. मध्ये तीन महिनेही नव्हते.

निवड न झाल्याच्या दुःखाने गिब्सन खचून मेला, असे अनेकदा लिहिले गेले. ऐकायला ते पटते, पण त्यात एक सोय आहे. मेंदूतला आजार, दारू आणि १७ वर्षांचा बस-प्रवास यांचा हिशेब त्यात करावा लागत नाही. पेजला मात्र १९४८ मध्ये, वयाच्या ४२ व्या वर्षी, क्लीव्हलँडने घेतले. बक लेनर्डची संधी वयामुळे हुकली.

गिब्सनला पिट्सबर्गच्या ॲलेघेनी दफनभूमीत पुरले. कबरीवर नाव नव्हते. १९७२ मध्ये तो हॉल ऑफ फेममध्ये गेला, तरीही कबर बिननावाचीच होती. दगड बसला १९७५ मध्ये.

आक्षेप काय आहेत?

सर्वांत मोठा आक्षेप सामन्यांच्या संख्येचा. कॉबला ११ हजारांहून अधिक संधी मिळाल्या, गिब्सनच्या नोंदलेल्या संधी अडीच हजारांच्या आत आहेत. नमुना लहान असला की टोकाचे आकडे येण्याची शक्यता वाढते, हे सांख्यिकीचे साधे तत्त्व आहे आणि हा आक्षेप उडवून लावण्यासारखा नाही. एका हंगामाच्या विक्रमाला तर तो अधिकच लागू होतो. त्यावर समितीचे म्हणणे असे, की करोनामुळे २०२० चा मेजर लीग हंगाम फक्त ६० सामन्यांचा झाला आणि त्याचे विक्रम कुणीही वगळले नाहीत. संधी कमी मिळाल्या त्या खेळाडूमुळे नाही, हेही त्यात धरावे लागते.

दुसरा आक्षेप, या लीगचा दर्जा सगळीकडे सारखा नव्हता. खरे आहे. पण १९४७ पूर्वीची मेजर लीगही देशातील सर्वोत्तम खेळाडूंना गाठून खेळत नव्हती. कॉबसमोर पेजसारखा पिचर अधिकृत सामन्यात कधी आलाच नाही.

तिसरा मुद्दा नोंदींच्या विश्वासार्हतेचा, आणि इथे कॉबचेच उदाहरण मनोरंजक आहे. १९१० मधील त्याचा एक सामना दोनदा नोंदला गेल्याचे संशोधकांनी अनेक दशकांनी शोधून काढले. त्यामुळे काही नोंदींत त्याची सरासरी ०.३६६ आहे. मेजर लीगने मात्र ०.३६७ कायम ठेवली. बदलाची गरज नाही, असे तेव्हाच्या आयुक्तांनी ठरवले होते.

आता पुढे काय?

२०२० मध्ये मेजर लीगच्या सर्वोत्तम खेळाडूच्या पुरस्कारावरून लँडिस यांचे नाव काढण्यात आले. त्या जागी गिब्सनचे नाव द्यावे, अशी मोहीम त्याचा पणतू शॉन गिब्सन चालवतो आहे. शोधही थांबलेला नाही. विली मेजच्या १९४८ मधील बर्मिंगहॅम ब्लॅक बॅरन्सच्या सामन्यांतून दहा हिट सापडले आणि २०२४ मध्ये त्याचे एकूण हिट ३२८३ वरून ३२९३ झाले. मेज तेव्हा ९३ वर्षांचा होता. त्यानंतर महिन्याभरातच त्याचे निधन झाले. गिब्सनच्या खात्यात भर घालू शकतील असे काही तक्ते कुठल्या तरी गावच्या बंद पडलेल्या साप्ताहिकाच्या मायक्रोफिल्मवर अजून असतील. संशोधक ते एकेक करून तपासत आहेत.